अचूक बंदूक कोणाच्या हाती?

दोडामार्ग तालुक्यात भाताच्या लोंब्यांत दूध भरू लागले की माणसांची झोप उडते. तिलारीच्या खोऱ्यात, कोलझर-तळकटच्या बागायतीत, मांगेलीच्या पायथ्याशी, जिथे जिथे रानाला लागून शेत आहे तिथे तिथे माळ्यावर किंवा मांगरात रात्र काढणे हा शेतीच्या कामाचाच एक भाग होऊन बसला आहे. पत्र्याचा डबा, विजेरी, फटाक्यांची माळ, एखादे कुत्रे आणि ज्याच्या घरात वडिलोपार्जित परवाना आहे त्याच्यापाशी ठासणीची बंदूक, एवढ्या सामग्रीवर रानडुकरांच्या कळपाला तोंड द्यायचे असते. भात कापून झाले की काजूचा मोहोर येतो आणि राखण पुन्हा सुरू होते. केळी, माड आणि पोफळी यांना तर हंगामच नाही. त्यांची नासाडी बारमाही चालते.

या राखणीच्या गप्पांत अलीकडे एक नवा विषय शिरला आहे. बाजारपेठेत चहाच्या टपरीवर बसलेल्या तरुणांच्या हातात मोबाईल असतो आणि त्याच्या पडद्यावर परदेशी शिकाऱ्याची दुर्बीण लावलेली रायफल असते. तीनशे-चारशे मीटरवरचे लक्ष्य एका गोळीत टिपणारे ते हत्यार पाहून, असे एखादे गावात असते तर डुकरांचा बंदोबस्त एका हंगामात झाला असता, असा निष्कर्ष काढला जातो. रायफल कोणत्या बनावटीची घ्यावी, बोअर किती असावा, दुर्बीण किती ताकदीची हवी, यावर कडाक्याचे वादही झडतात. या वादांना हसण्याचे कारण नाही. ज्याचे वर्षाचे भात एका रात्रीत लोळवले जाते त्याने चांगल्या हत्याराचा विचार करावा, हे स्वाभाविकच आहे. मात्र ज्या अचूकतेची चर्चा चालते ती कोणत्या भूमीवर आणि कोणासाठी जन्माला आली, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

अमेरिकेत पिकाला वा कुरणाला उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांना 'व्हार्मिंट' म्हणतात. 'व्हर्मिन' या इंग्रजी शब्दाचेच ते गावरान रूप आहे. त्यांच्यासाठी बनवलेल्या रायफलीची जातच वेगळी. नळी जाड व वजनदार, बोअर लहान, गोळी हलकी पण अतिशय वेगवान, आणि वर दुर्बीण. १९३० च्या दशकात 'हॉर्नेट' आणि 'स्विफ्ट' या नावांची बावीस बोअरची काडतुसे निघाली, तेव्हापासून ही जात फोफावली. तिची अचूकता कोनाच्या मापाने मोजतात. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट होते. शंभर मीटरवर एका मिनिटाचा पल्ला सुमारे तीन सेंटिमीटर भरतो. म्हणजे चांगल्या रायफलीच्या पाचही गोळ्या शंभर मीटरवर एका लिंबाएवढ्या जागेत बसतात. लक्ष्य असते बिळात राहणारा, खारीच्या कुळातला एखादा प्राणी. वेळ भर दिवसाची, माळ मोकळा, रायफल टेकूवर ठेवलेली, आणि लक्ष्याच्या पलीकडे मैलभर वस्ती नाही.

दोडामार्गला यातले काहीच नाही. येथला डुक्कर रात्री येतो, बहुधा काळोख्या रात्री आणि पावसाच्या झडीत. तो दिसतो तेव्हा वीस-तीस पावलांवर असतो, आणि दिसतो म्हणजे काय, तर लोंब्या हलतात आणि चघळण्याचा आवाज येतो. मोठा नर क्विंटलभराच्या आसपास जातो. त्याच्या खांद्यावरची कातडी एखाद्या ढालीसारखी जाड असते. खारीसाठी घडवलेली हलकी गोळी अशा कातडीवर किंवा हाडावर फुटून जाते, जनावर जखमी होऊन रानात शिरते. आणि त्याच्या पाठीमागे काय आहे? जांभ्याचा गडगा, गडग्यापलीकडे पायवाट, पायवाटेपलीकडे शेजारच्या वाडीतला दिवा. कोकणातली घरे गावठाणात एकत्र नसतात, ती डोंगरउतारावर विखुरलेली असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला रायफलीच्या लांब पल्ल्याचा धाक अधिक वाटावा. साध्या पॉइंट बावीस रायफलीची चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरवर माणसाला धोकादायक ठरू शकते. अमेरिकन शेतकऱ्याला जे गुण वाटतात तेच येथे दोष होतात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू जाता वेगळीच गंमत दिसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात परवाना कोणाला द्यावयाचा याची तरतूद आहे. प्रामाणिकपणे पिकाच्या रक्षणासाठी अर्ज करणाऱ्या नागरिकाला ठासणीच्या बंदुकीचा परवाना परवाना-अधिकाऱ्याने 'द्यावा' अशी तेथे आज्ञार्थी भाषा आहे. रायफलीसाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते आणि त्या कारणाने अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. मूळ कायद्यात पॉइंट बावीस रायफल ही नेमबाजीच्या मान्यताप्राप्त संघांच्या सभासदांच्या सरावासाठी ठेवलेली होती. थोडक्यात, जो कागदी लक्ष्यावर गोळी झाडतो त्याच्यासाठी अचूक हत्यार, आणि जो काळोखात जिवंत जनावरासमोर उभा राहतो त्याच्यासाठी एकोणिसाव्या शतकातले. लोकसभेतल्या ज्या सभासदांनी हा कायदा संमत केला त्यांचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. शेतकऱ्याला निदान एक हत्यार हक्काने मिळावे हाच त्यामागचा विचार असणार. पण हक्काने मिळणारे हत्यार नेमके सर्वांत निकृष्ट असावे, यात जुन्या राजवटीची छाया आहे.

ती छाया १८७८ ची आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणि हिंदी माणसाला निःशस्त्र करणारा कायदा एकाच वर्षी आले. युरोपीयांना शस्त्रांच्या कायद्यातून सूट होती. सावंतवाडी संस्थानाच्या या मुलखाने तर त्याआधीच, १८४४ च्या उठावात, बंदूक हाती घेण्याची किंमत मोजलेली होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नाही. स्वातंत्र्यानंतरचा कायदा लिटनच्या कायद्याहून निश्चितच उदार आहे. परंतु सामान्य माणसाच्या हाती चांगले हत्यार गेले तर काय होईल ही धास्ती मात्र कचेरीच्या टेबलांतून अजून गेलेली नाही.

ही धास्ती सर्वत्र सारखी नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा पद्धतीने जमीन धारण करणाऱ्यांना परवान्याच्या अटीतूनच सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्या सूटीच्या न्याय्यतेवर मतभेद होऊ शकतात. जन्मावर आणि जमिनीच्या प्रकारावर आधारलेला विशेषाधिकार समतेच्या तत्त्वात बसवणे कठीणच आहे. परंतु घराघरांत बंदूक असलेला एक जिल्हा याच सह्याद्रीत आहे आणि तेथे अराजक माजलेले नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

ठासणीच्या बंदुकीचे काम कसे चालते हे शहरातल्या वाचकाला ठाऊक नसेल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्याचा बोळा, मग शिसाची गोळी अथवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासायचे. मागे टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते. एक बार काढला की दुसरा भरायला जाणत्या हातालाही अर्धा-एक मिनिट लागते. तोवर जनावर एकतर पळालेले असते किंवा अंगावर आलेले असते. काळी दारू ओल धरते, आणि दोडामार्गच्या पावसाळ्यात ओल न धरणारी वस्तू मिळणे अवघड. नळी आतून गुळगुळीत असल्याने गोळीला फिरकी मिळत नाही. पंचवीस-तीस पावलांपुढे ती कोठे जाईल ते गोळीलाच माहीत. बार निघाला की धुराचा लोट डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि डुक्कर पडला की पळाला हे धूर विरल्यावर कळते. आवाज काढून कळप पिटाळायला हे हत्यार उत्तम आहे. मारायला मात्र ते जनावराच्या आणि माणसाच्या दृष्टीने सारखेच क्रूर आहे.

रायफल म्हणजे ज्या नळीत आतून पेचदार खाचा असतात ती. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. भारतात नागरी परवान्यावर प्रामुख्याने दिसते ती इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची पॉइंट तीनशे पंधरा बोअरची रायफल. इंग्रजांच्या काळात लष्करी तीनशे तीन बोअर नागरिकांना मना होता, म्हणून हा वेगळा बोअर रूढ झाला. डुकराला ती पुरेपूर भारी पडते. पण तिची गोळी डुकरातून आरपार जाऊनही पुढे धावते. भाताच्या मळीत, जमिनीवर उभे राहून, समोर आडवा नेम धरून ती झाडणे म्हणजे पलीकडच्या वाडीशी जुगार खेळणे होय. माळ्यावर बसून, गोळी जमिनीत रुतेल अशा खालच्या कोनात, उजेडाची सोय करून आणि शिकलेल्या हातानेच ती वापरली पाहिजे. अशी चार माणसे तालुक्यात असली तरी पुष्कळ झाली. प्रत्येक घरात ती असण्याची गरज नाही आणि असू नये.

शेतकऱ्याला खऱ्या अर्थाने उपयोगी हत्यार या दोहोंच्या मधले आहे. बारा बोअरची काडतुसी बंदूक नळीने गुळगुळीत असली तरी काडतूस कोरडे राहते, दुसरा बार तात्काळ निघतो, आणि एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसाने चाळीस पावलांच्या आत डुक्कर जागच्या जागी पडतो. तिचा मारा लवकर थकतो, हाच विखुरलेल्या वस्तीत तिचा मोठा गुण. तिची 'शक्तिमान' काडतुसे पुण्याजवळ खडकीच्या सरकारी कारखान्यात तयार होत आली आहेत. म्हणजे माल परदेशातून आणायचाही प्रश्न नाही. आणि येथेच कायद्यातली एक विसरलेली ओळ कामी येते. त्याच तेराव्या कलमाच्या परंतुकात असे म्हटले आहे की, परिस्थिती पाहता पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना-अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याच कामासाठी त्याला गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. नळी वीस इंचांहून आखूड नसावी एवढीच अट. चौदाव्या कलमात तर याहून महत्त्वाची गोष्ट आहे: अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, आणि नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. दहा गुंठ्यांच्या मळीवाल्याला 'तुला कशाला हवी बंदूक' म्हणून तोंडी परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही कारकुनाला या कायद्याने दिलेला नाही. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी या दोन कलमांची मराठी प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावली, तर चहाच्या टपरीवरच्या दहा वादांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

हत्यार मिळत नाही तेव्हा माणूस हात बांधून बसत नाही. तो तारेची फासकी लावतो, कणकेत स्फोटक दडवलेला गावठी बाँब पायवाटेवर टाकतो, किंवा कुंपणात घरची वीज सोडतो. फासकीला डुक्कर लागायचा तो बिबट्या लागतो, आणि मग वनखात्याचा पंचनामा, अटक, जामीन. बाँब गाईचा जबडा फाडतो. विजेच्या तारेने तर सकाळी पाटाचे पाणी बघायला निघालेल्या माणसांचे बळी घेतले आहेत. नेम धरलेल्या गोळीला जबाबदार माणूस असतो. फासकी आणि तार यांना डोळे नसतात. रात्रीच्या शिकारीत झुडूप हलले म्हणून बार काढला आणि साथीदारच पडला, अशा बातम्याही कोकणात अपरिचित नाहीत. हे सर्व प्रकार बेकायदा आहेत हे खरेच, परंतु बेकायदा म्हणून शिक्षा करणाऱ्या शासनाने कायदेशीर मार्ग किती अरुंद ठेवला आहे तेही सांगितले पाहिजे.

बंदूक कितीही अचूक असली तरी ती कोणावर रोखायची याचा निर्णय बंदूकवाल्याचा नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरसकट शिकार बंद केली, आणि ती बंद होणे आवश्यकच होते. संस्थानिक, साहेब आणि त्यांच्यामागून आलेले हौशी शिकारी यांनी जंगल रिकामे करीत आणलेले होते. त्या कायद्यात 'व्हर्मिन' प्राण्यांची स्वतंत्र पाचवी अनुसूची होती, तीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर आणि घुशी एवढीच मंडळी होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. आता रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला त्याच्यापासून धोका असल्याची खात्री झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी अकराव्या कलमाखाली त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. गवा, हत्ती आणि कोकणातले तांबूस तोंडाचे माकड हे पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकाची नासाडी हे त्यांना मारण्याचे कारणच होऊ शकत नाही. दोडामार्गचा हिशेब मांडला तर नासाडी करणाऱ्या चार मुख्य प्राण्यांपैकी तिघांच्या बाबतीत जगातली सर्वांत अचूक रायफलही खुंटीला टांगून ठेवावी लागेल. २००२ मध्ये कर्नाटकाच्या बाजूने हत्ती या तालुक्यात उतरले, तेव्हापासून ते आलेच आहेत. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले, त्यांतले दोन बंदिवासातच मेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावी काजूच्या बागेत गेलेला शेतकरी हत्तीच्या पायी मेला. या संकटाला बंदूक हे उत्तर नाही, आणि बंदुकीच्या चर्चेने ते झाकले जाता कामा नये.

केंद्र सरकारला बासष्टाव्या कलमाखाली एखादा प्राणी विशिष्ट क्षेत्रात व विशिष्ट मुदतीसाठी उपद्रवी घोषित करता येतो. बिहारात नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड असे प्रयोग २०१५-१६ मध्ये झाले. मोकामा येथे बाहेरून नेमबाज आणून शेकडोंनी नीलगायी मारण्यात आल्या आणि दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांची त्यावरून जाहीर जुंपली. त्याच वर्षी शेजारच्या गोव्यात कृषिमंत्र्यांनी उपद्रवी प्राण्यांच्या विचारार्थ यादीत मोराचेही नाव घेतले आणि मग खुलासे करता करता पुरेवाट झाली. केरळने २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. तेथे रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांकडे सोपवण्यात आला. मारायचे ते परवानाधारक, नोंदणी केलेल्या बंदूकधाऱ्याने. विष, स्फोटके आणि वीज वर्ज्य. केरळातला प्रश्न त्याने मिटला असे नाही. तेथेही बंदूकधारी पुरेसे मिळत नाहीत, अशी तक्रार आहे. तरी निर्णय गावाच्या जवळ आला, हा लाभ लहान नव्हे.

डुकरे वाढली कशी आणि खाली उतरली का, हा प्रश्न मात्र केवळ वनखात्याचा नाही. १९९० च्या करारानंतर महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संयुक्त तिलारी प्रकल्पाने आयनोडे, सरगवे, पाट्ये यांसारखी गावे उठवली आणि खोऱ्याचा तळ पाण्याखाली घेतला. मागाहून बाहेरच्या धनिकांनी डोंगरच्या डोंगर विकत घेऊन जंगल साफ केले, रबर आणि अननस लावला. कळणे येथे लोहखनिजाची खाण निघाली. २०२१ च्या जुलैत तिचा बांध फुटून चिखलाचे पाणी लोकांच्या बागायतीत आणि घरांत शिरले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा हा वन्यप्राण्यांचा जाण्यायेण्याचा मार्ग आहे, म्हणून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ च्या मार्चमध्ये दिला तो जनहित याचिकेवर, वर्षानुवर्षे चाललेल्या लढ्यानंतर. ज्यांनी जंगल तोडून नफा कमावला त्यांच्या मळ्यांना विजेरी कुंपणे आहेत, पगारी राखणदार आहेत. रानातून हुसकलेले जनावर मग ज्याच्याकडे कुंपणाला पैसा नाही त्याच्या मळीत शिरते. तोडणाऱ्याचा नफा खाजगी राहतो आणि त्याची भरपाई दहा गुंठ्यांचा धनी भाताच्या रूपाने करतो. नेम धरायचाच तर या व्यवहारावरही धरला पाहिजे.

शासनाच्या बेफिकिरीचे एक उदाहरण २०२४ मध्ये दोनदा पाहायला मिळाले. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली. सिंधुदुर्गात मतदान ७ मे रोजी झाले. हा नेमका काजूचा हंगाम. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. हा नेमका भातकापणीचा. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा असा हुकूम निघतो, आणि शेतकरी ज्या महिन्यांत राखण करतो त्याच महिन्यांत त्याची बंदूक ठाण्याच्या कपाटात पडून राहते. निवडणूक आयोगाच्या सूचनेत सरसकट जमा करण्याचे बंधन नाही. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या छाननी समितीने प्रकरणे तपासून निर्णय घ्यायचा असतो. गुन्हे नोंदलेले आणि दंगलीशी संबंध आलेले लोक हे तिचे मुख्य लक्ष्य. पिकाच्या रक्षणासाठीच परवाना घेतलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या म्हाताऱ्याने ठासणीच्या बंदुकीने मतदान केंद्र बळकावल्याचे उदाहरण कोकणच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. त्याला वगळण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. छाननी खरोखर करण्याची गरज आहे.

म्हाताऱ्याचा उल्लेख सहज केलेला नाही. दोडामार्गात परवाने ज्यांच्या नावावर आहेत त्यांतले अनेक वृद्ध आहेत. मुले गोव्यात म्हापसा-पणजीला किंवा मुंबईला कामाला. घरी बंदूक, बंदुकीशी बाप, आणि बापाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. येथे अचूकतेचा प्रश्न नळीच्या खाचांपेक्षा डोळ्यांचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत धारकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याच्या वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा पंचवीस वर्षे हत्यार बाळगल्यावर, वारसाला परवाना देण्याची सोय आहे. त्याच नियमांत अर्जदाराने शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र अपेक्षित आहे. नियम चांगला आहे. पण मांगेलीच्या किंवा हेवाळ्याच्या शेतमजुराने हे शिक्षण कोठे जाऊन, किती दिवसांची मजुरी बुडवून घ्यायचे? ते तालुक्याच्या ठिकाणी, पोलीस दलाच्या शिक्षकांकडून आणि फुकट मिळाले पाहिजे. ज्या शासनाला मोटार चालवण्याची परीक्षा गावोगावच्या शिबिरांत घेता येते त्याला हे जमणार नाही असे नाही.

मागणी यापुढे जाऊन केली पाहिजे. पीकरक्षण हे एकेका घराचे खाजगी काम मानले की ज्याची ऐपत आहे तो बंदूक घेतो, आणि ज्याची नाही त्याच्या शेतात पिटाळलेला कळप शिरतो. रानाला लागून असलेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने ग्रामसभेत निवडून चार-पाच परवानाधारकांचे पथक करावे. स्त्रियांना त्यातून वगळण्याचे कारण नाही, राखण त्याही करतातच. बारा बोअरच्या बंदुका आणि काडतुसे सार्वजनिक खर्चाने मिळावीत. रायफल हवीच असेल तर ती तालुक्याला एक-दोन, वनखात्याच्या ताब्यात, आणि मागणी येताच शिकलेल्या माणसासह गावात पोचणारी. डुकरांपुरती अकराव्या कलमाखालची परवानगी हंगामापूर्वी मिळावी, पीक गेल्यावर नव्हे. मारलेले जनावर कायद्याने सरकारची मालमत्ता असते, त्याची विल्हेवाट वनरक्षकासमोर व्हावी. मांसासाठी शिकार आणि पिकासाठी शिकार यांतली रेघ त्यानेच स्पष्ट राहील. कोकणात ही रेघ पुसट आहे हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि डुकराच्या मटणाच्या वाट्यापायी रक्षणाचे पथक शिकाऱ्यांची टोळी होऊन बसायला वेळ लागणार नाही.

हे काम गावाकडे देताना गावाने हिशेबही दिला पाहिजे. पथकाने किती रात्री बैठक घातली, किती बार काढले, किती डुकरे जागीच पडली, किती जखमी होऊन रानात गेली आणि त्यांचा माग दुसऱ्या दिवशी कोणी काढला, याची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर महिन्याला लागावी, आणि ज्या पथकाची जखमी जनावरे पडलेल्यांपेक्षा जास्त भरतील त्याच्या बंदुका पुन्हा शिक्षण होईपर्यंत काढून घ्याव्यात.